अचूक मापाचा ध्यास

पोलंड देशातील वॉर्सा शहरात ७ नोव्हेंबर १८६७ रोजी मेरी क्यूरी यांचा जन्म झाला. त्यांचे माहेरचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. वडील शिक्षक होते. त्या काळी वॉर्सावर रशियाचा अंमल होता. मुलींना तेथील विद्यापीठात प्रवेश नव्हता. मारिया व तिची थोरली बहीण ब्रोन्या या दोघींना खूप शिकायचे होते. पण घरची परिस्थिती बेताची होती. तेव्हा दोघींनी एक युक्ती काढली. ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हावे व मारियाने तिला पैसे पाठवावेत. मग ब्रोन्याने धाकट्या बहिणीला मदत करावी. मारियाने काही वर्षे परक्या घरी राहून मुलांना शिकवले. शेवटी १८९१ साली ती पॅरिसला गेली. दोनच वर्षांनी पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली.

१८९५ साली पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला. मारियाची आता मेरी क्यूरी झाली.

युरेनियममधून अदृश्य किरणे निघतात, असा शोध १८९६ साली बेकरेल यांनी लावला होता. ही किरणे किती निघतात, हे मोजायचे मेरी यांनी ठरवले. या किरणांमुळे हवेतून अगदी सूक्ष्म वीज वाहू लागते. पिएर व त्यांचे भाऊ यांनी बनवलेल्या नाजूक उपकरणाने मेरी ती वीज मोजू लागल्या. पिचब्लेंड नावाच्या खनिजातून अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त किरणे निघत होती. त्यात एखादे नवे मूलद्रव्य लपले असावे, असे त्यांनी ताडले. १८९८ साली पती-पत्नींनी पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये जगापुढे आणली. १९०३ साली त्या दोघांना बेकरेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली पिएर घोडागाडीखाली सापडून मरण पावले. मेरी यांच्यावर आकाश कोसळले. पण त्यांनी काम सोडले नाही.

एव्हाना डॉक्टर कर्करोगावर रेडियमचा उपचार करू लागले होते. रेडियम कमी पडले तर गुण येत नसे. जास्त झाले तर कातडी भाजून निघे. अडचण अशी होती, की प्रत्येक प्रयोगशाळेचे माप वेगळे होते. दुकानातील वजनेच निरनिराळी असतील, तर खरा किलो कोणता म्हणायचा? मग सर्वांसाठी एकच प्रमाण ठरवण्याचा निर्णय १९१० साली ब्रुसेल्सच्या परिषदेत झाला. प्रमाण नमुना तयार करण्याचे काम मेरी यांच्याकडे आले.

१९११ साली त्यांनी सुमारे २२ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड तोलून एका काचेच्या नळीत बंद केले. त्याच वर्षी त्यांना दुसरे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्ना येथेही असे नमुने स्वतंत्रपणे तयार झाले होते. १९१२ साली पॅरिसमध्ये दोन्हींच्या किरणांची तुलना झाली. मापे जुळली! आपली नळी आपल्याच प्रयोगशाळेत राहावी, असे मेरी यांना वाटत होते. पण माप हे एकट्याचे नसते, सर्वांचे असते. शेवटी त्या राजी झाल्या. पॅरिसजवळच्या ज्या संस्थेत किलोग्रॅमचे प्रमाण वजन होते, तिथेच ती नळी ठेवण्यात आली.

पहिल्या महायुद्धात मेरी यांनी क्ष-किरणांची यंत्रे मोटारींत बसवून जखमी सैनिकांची सेवा केली. या किरणांचा धोका तेव्हा नीट कळला नव्हता. जन्मभर किरणे मोजणाऱ्या मेरी यांनी आपल्या शरीरात ती किती गेली, याचा हिशेब मात्र ठेवला नाही. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या आजाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या वह्यांतून आजही किरणे निघतात.

आज शास्त्रज्ञ प्रखर लेसर झोत पदार्थावर सोडून त्याचा तप्त प्लाझ्मा बनवतात. त्यातून निघणारी किरणे मोजण्यासाठी शोधक यंत्रे लावतात. यंत्राने दाखवलेला आकडा खरा कशावरून? म्हणून माहीत असलेल्या किरणस्रोतासमोर ते यंत्र आधी पारखून घेतात. रुग्णालयांतील यंत्रेही अशीच तपासली जातात. मोजण्याआधी माप तपासावे, हा धडा मेरी क्यूरी यांनी आपल्या कामातून घालून दिला.