नाईल नदीचा हिशेबनीस : हॅरॉल्ड हर्स्ट

इंग्लंडमधील लेस्टर शहराजवळच्या विगस्टन गावी १ जानेवारी १८८० रोजी हॅरॉल्ड एडविन हर्स्ट यांचा जन्म झाला. वडील गावात घरे बांधण्याचा धंदा करीत. परिस्थिती बेताची होती. वडिलांनी मुलाला सुतारकाम शिकविले. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली, पण शिक्षण सुटले नाही. दिवसा तो एका शाळेत शिकाऊ शिक्षक म्हणून मुलांना शिकवी आणि संध्याकाळच्या वर्गात स्वतः शिके. विसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला गेला. गणिताची तयारी कच्ची होती, तरीही पदार्थविज्ञानात त्याने पहिला वर्ग मिळविला.

१९०६ साली थोड्या दिवसांसाठी म्हणून हर्स्ट इजिप्तला गेले. त्या देशाशी त्यांचा संबंध पुढे साठ वर्षांहून अधिक काळ राहिला. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. सारी शेती, सारे पिण्याचे पाणी नाईल नदीचे. पूर कमी आला की गरिबाच्या चुलीवर आधी संकट येते. हर्स्ट पायी, सायकलीवर, बोटीने नदीच्या उगमापर्यंत हिंडले आणि जागोजागी पाणी मोजू लागले.

प्रश्न असा होता : शंभर वर्षांत येणारी वाईट वर्षे निभावून न्यायची, तर किती मोठा साठा हवा? त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षांची मोजमापे अपुरी होती. सुदैवाने कैरोजवळच्या रोडा बेटावर पुराची उंची मोजण्याचा संगमरवरी खांब आहे. तो इ. स. ८६१ मध्ये उभारला गेला, आणि पुराच्या नोंदी तर त्याच्याही आधीच्या, इ. स. ६२२ पासूनच्या मिळतात. पुराच्या उंचीवरून शेतकऱ्यांवर कर बसविला जाई, म्हणून राज्यकर्त्यांनी या नोंदी जपल्या. करासाठी लिहिलेले हे आकडे हर्स्ट यांनी पाण्याच्या नियोजनासाठी वापरले.

त्यांत त्यांना एक गोष्ट दिसली. नाणे उडविले असता आधी काट पडली की छाप, याचा पुढच्या फेकीशी संबंध नसतो. वर्षांचेही तसेच असेल असे अभियंते धरून चालत. हर्स्ट यांनी स्वतः नाणी उडवून ताडून पाहिले. नदी नाण्यासारखी वागत नव्हती. चांगली वर्षे चांगल्या वर्षांजवळ आणि वाईट वर्षे वाईट वर्षांजवळ गोळा होत होती. १८७० ते १८९८ या काळात नाईलला वर्षाला सरासरी सुमारे ११० अब्ज घनमीटर पाणी आले. पुढच्या साठ वर्षांत सरासरी सुमारे ८४ अब्जांवर उतरली. पहिल्या काळावर विसंबून ज्याने योजना आखली असती, तो फसला असता.

पावसाच्या, तपमानाच्या, झाडांच्या खोडांतील वलयांच्या नोंदीही त्यांनी तपासल्या. तेथेही हाच प्रकार आढळला. १९५१ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांच्या सूत्राप्रमाणे शंभर वर्षांच्या हिशेबात साठा नाण्याच्या हिशेबापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक लागतो. गणितात कच्च्या ठरलेल्या या माणसाचे नाव पुढे गणितज्ञांनीच त्या सूत्रातील घातांकाला दिले.

वरच्या सरोवरांत पाणी साठवावे, अशी हर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांची १९४६ ची योजना होती. १९५२ च्या क्रांतीनंतरच्या सरकारने मात्र आस्वान येथे एकच मोठे धरण निवडले. ते १९७० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली इजिप्त व सुदानमधील नुबियन लोकांची गावे गेली आणि सुमारे एक लाख माणसे आपल्या भूमीतून उठविली गेली. साठ्याचा हिशेब बरोबर असला, तरी त्याची किंमत कोणी भरली हेही लिहून ठेवले पाहिजे.

हर्स्ट १९७८ साली वारले. पुढील दशकात नाईलला ओळीने अनेक वाईट वर्षे आली. इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. जलाशय १९८८ पर्यंत खाली खाली गेला, पण इजिप्तची शेती तगली.

आपल्या घरातील शाळकरी मुलाने दर पौर्णिमेला दोरी सोडून गावच्या विहिरीचे पाणी मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. एका वर्षाची नोंद फारसे काही सांगणार नाही. पण ती वही जपली, तर नातवंडांना विहीर किती खोल न्यायची आणि कोणते पीक घ्यायचे, हे अंदाजावर ठरवावे लागणार नाही.