इंदापूरच्या शेतातली साखळी

सातबारा हातात आला की आपण आधी नाव बघतो, मग क्षेत्र. पण गुंठा म्हणजे नक्की किती, असं विचारलं तर आपल्यातल्या कितीजणी सांगतील? तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. असे चाळीस झाले की एकर. हा तेहतिसाचा आकडा साखळीतून आला, आणि त्या साखळीची गोष्ट आपल्या इंदापूरची आहे.

बारामतीला कॉलेजात भूगोल शिकवत होते, तेव्हा दरवर्षी मुलामुलींना सर्वेक्षणासाठी इंदापूरकडे घेऊन जायचे. प्लेन टेबल, साखळी, पुढे जीपीएससुद्धा आलं. उन्हात तासभर साखळी ओढली की मुली कुरकुरायच्या. मग बाभळीखाली बसून मी त्यांना गोल्डस्मिडसाहेबाबद्दल सांगायचे.

हेन्री एडवर्ड गोल्डस्मिडचा जन्म १८१२ सालचा, घर लंडनचं. हेलीबरीच्या कॉलेजात फारसी, हिंदुस्थानी शिकून तो १८३२ मध्ये मुंबई इलाख्यात नोकरीला आला. १८३५ मध्ये इंदापूरला आला तेव्हा वय अवघं तेवीस. म्हणजे माझ्या मुलींपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा!

त्याच्या आधी प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्याची मोजणी केली होती. खर्च वजा जाता शेतात काय उरतं याचा हिशेब मांडायचा आणि त्यातले शंभरातले पंचावन्न सरकारने घ्यायचे, अशी त्याची रीत. कागदावर हुशारीची, पण शेतात फसलेली. मोजणी चुकीची, हाताखालची माणसं पैसे खाणारी, त्यात धान्याचे भाव पडलेले. सारा भरता येईना, म्हणून माणसं घरदार सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेली. त्या घरांतल्या बायकांनी काय काय सोसलं असेल, ते कुठल्या दप्तरात मिळणार?

गोल्डस्मिडने हे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं ठरवलं. त्याच्या जोडीला होता लष्करातला इंजिनिअर जॉर्ज विंगेट, तोही तेवढ्याच वयाचा. निव्वळ उत्पन्नाचा किचकट हिशेब दोघांनी सोडून दिला. शेतात खड्डा घ्यायचा, मातीचा रंग आणि खोली बघायची. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे सोळा आणे जमीन. (कोणाचा हात, असं एका पोरीने विचारलं होतं. हात म्हणजे दीड फूट, बरं का!) खोली कमी झाली की आणे कमी. चुनखडीचे खडे, वाळू, उतार असा एकेक दोष निघाला की प्रत एकेक पायरी खाली. अशा नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. कारकुनांना हे सगळं शेतातच शिकवायचं, आणि त्यांनी मोजलेल्यातली काही शेतं साहेबाने स्वतः पुन्हा मोजून बघायची. मला वाटतं, खरं शहाणपण या शेवटच्या कामात होतं.

१८३६ पासून नवे, हलके दर लागू झाले, तीस वर्षांसाठी बांधलेले. लोक परतले, पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम लिहून काढले गेले आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. गोल्डस्मिड पुढे मुंबई सरकारचा मुख्य सचिव झाला. पण १८५५ च्या जानेवारीत कैरोला वारला, बेचाळिसाव्या वर्षी. १८६५ मध्ये वर्गणी काढून त्याच्या नावाने डिकसळला धर्मशाळा बांधली गेली. तिचं उद्घाटन करायला गव्हर्नर बार्टल फ्रियर आले होते. तरुणपणी याच कामात ते गोल्डस्मिडचे मदतनीस होते.

मुलींना मी पुढचंही सांगायचे. तीस वर्षं संपली आणि १८६७ मध्ये इंदापूरचा सारा बराच वाढला. शिवाय नंबर पडलेली, हद्द ठरलेली जमीन गहाण टाकायला आणि विकायलाही सोपी झाली होती. सावकाराला तेच हवं होतं. १८७५ च्या मे महिन्यात आपल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तेव्हा गोल्डस्मिडला जाऊन वीस वर्षं झाली होती.

एवढं ऐकून मुली उठायच्या. पहिल्या दिवशी त्यांचा नकाशा कधीच जुळायचा नाही. शेवटची रेघ पहिल्या खुणेपासून दोन-तीन फूट लांबच राहायची. मग चहा पिऊन आम्ही पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू करायचो.