सर हंफ्रे डेव्ही : धातूंचा रक्षक

काही थोर पुरुषांच्या यशाची कथा सर्वांच्या मुखी असते. परंतु त्यांच्या ज्या अपयशातून पुढील पिढ्यांचे कल्याण झाले, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. कोळशाच्या खाणीतील सुरक्षा-दीपाचा जनक म्हणून सर हंफ्रे डेव्ही याचे नाव शाळेतील मुलांनाही परिचित आहे. तथापि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून धातू कसा वाचवावा, हा प्रश्न त्यानेच प्रथम शास्त्रीय रीतीने हाती घेतला आणि तो सोडवूनही त्याच्या पदरी उपहासच पडला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. पाच भावंडांत हंफ्रे सर्वांत थोरला. तो सोळाव्या वर्षात असताना, १७९४ साली, वडील वारले आणि मागे कर्जाचा डोंगर उरला. दुसऱ्याच वर्षी त्याला गावातील एका शल्यवैद्याकडे उमेदवारी पत्करावी लागली. औषधे खलता खलता त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेला हा मुलगा मिळतील ती पुस्तके वाचून आणि हाताशी असतील त्या भांड्यांत प्रयोग करून स्वतःच स्वतःचा गुरू झाला.

१७९८ साली ब्रिस्टल येथे डॉक्टर बेडोज यांच्या संस्थेत त्याची नेमणूक झाली. निरनिराळ्या वायूंचा रोगांवर काय परिणाम होतो, हे तेथे तपासले जाई. ‘हसविणारा वायू’ म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेला नायट्रस ऑक्साईड डेव्हीने स्वतःच्या शरीरावर अजमावून पाहिला. या वायूने वेदना शमतात, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग व्हावा, अशी सूचना त्याने १८०० साली आपल्या ग्रंथात केली. परंतु वैद्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही, आणि पुढची चाळीसएक वर्षे रोगी शस्त्राखाली तळमळत राहिले!

१८०१ साली तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. त्याची व्याख्याने ऐकण्यासाठी नगरातील प्रतिष्ठितांची झुंबड उडे. व्होल्टाने १८०० साली शोधलेला विद्युद्घट आता त्याच्या हाती होता. विद्युत्प्रवाह आणि रासायनिक आकर्षण यांचा निकटचा संबंध आहे, हे ओळखून त्याने १८०७ साली पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली, आणि १८०८ साली कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम यांना त्यांच्या संयुगांपासून सोडविले. १८१२ साली तो ‘सर’ झाला. १८१३ साली त्याने एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारी केलेल्या तरुणाला आपला साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. तो तरुण म्हणजेच मायकेल फॅरडे.

१८१२ साली फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत भीषण स्फोट होऊन ९२ माणसे व मुले प्राणास मुकली. १८१५ साली डेव्हीने तारेच्या बारीक जाळीने वेढलेला दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा ज्वालाग्राही वायू पेट घेत नाही. या शोधाचे एकस्व घेऊन त्याला अमाप पैसा मिळविता आला असता. परंतु मनुष्याच्या प्राणरक्षणावर त्याने व्यापार मांडला नाही.

१८२० साली तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. कीर्तीच्या या शिखरावर असतानाच ब्रिटिश आरमाराने एक अडचण त्याच्यापुढे मांडली. त्या काळी जहाजे लाकडाची असत. समुद्रातील किडे त्यांचे तळ पोखरीत आणि शेवाळ व शिंपले तळाला चिकटून जहाजाची गती मंदावत असे. म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्याची रीत पडली होती. परंतु खाऱ्या पाण्यात हे पत्रे झिजून जात आणि ते पुनःपुन्हा बदलण्यात पुष्कळ द्रव्य खर्ची पडे.

तांबे अशुद्ध असल्यामुळे झिजते, अशी सामान्य समजूत होती. डेव्हीने निराळाच विचार केला. समुद्राचे पाणी आणि त्यात विरघळलेली हवा यांची तांब्यावर होणारी क्रिया जर विद्युत्-स्वरूपाची असेल, तर तांब्याची विद्युत्-अवस्था पालटली की ती क्रिया थांबली पाहिजे. जस्त किंवा लोखंड तांब्याला जोडून दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडविली, की त्यांचा एक विद्युद्घटच तयार होतो. मग जस्त झिजते आणि तांबे अबाधित राहते. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा ४० ते ५० चौरस इंच तांब्याचे रक्षण करू शकतो, असे त्याला आढळले. थोरल्या भावाने घाव आपल्या अंगावर घेऊन धाकट्याला वाचवावे, तसाच हा प्रकार! १८२४ साली त्याने हे संशोधन रॉयल सोसायटीपुढे मांडले.

लगेच युद्धनौकांवर बिडाचे ठोकळे बसविण्यात आले. त्यांतील ‘समरंग’ नावाची नौका आपल्याच देशात, कोचीन येथे, १८२२ साली बांधलेली होती. ठोकळे लावून ती नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन परत आली, तेव्हा तिचे तांबे उत्तम स्थितीत होते. डेव्हीला कृतार्थ वाटले असल्यास नवल नाही.

परंतु निसर्गाने आपला दुसरा डाव अजून उघड केला नव्हता. झिजणाऱ्या तांब्याचे सूक्ष्म अंश पाण्यात मिसळत आणि शिंपले व शेवाळ यांना ते विषासमान ठरत. तांब्याची झीज हाच जहाजाचा पहारेकरी होता! झीज थांबताच तो पहाराही उठला. संरक्षित तांब्यावर क्षारांचा थर बसला, त्यावर समुद्रजीवांनी वसती केली आणि जहाजे जड होऊन मंद चालू लागली. १८२५ साली आरमाराने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरील हे रक्षक काढून टाकण्याची आज्ञा दिली. काल ज्यांनी गुणगान केले होते, तेच आज टीका करू लागले. तत्त्व खरे होते, प्रयोगही खरा होता. परंतु ज्या कामासाठी पत्रे बसविले होते ते काम पुढेही होईल का, हा प्रश्न पुरेसा पारखण्यापूर्वीच उपाय जहाजांवर चढला होता.

डेव्ही सर्वगुणसंपन्न होता असे नाही. मानापमानाच्या बाबतीत तो फार हळवा होता. ज्या फॅरडेला त्याने पुढे आणले, त्याच्याच रॉयल सोसायटीतील निवडीला १८२४ साली त्याने विरोध केला. १८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले आणि २९ मे १८२९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, जिनिव्हा येथे त्याचे देहावसान झाले.

त्याचे तत्त्व मात्र मेले नाही. जहाजे पोलादाची झाली, तेव्हा त्यांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लागले. शेवाळ व शिंपले यांना दूर ठेवण्यासाठी ताम्रसंयुगे असलेला रंग निराळा दिला जाऊ लागला. ज्या दोन गरजांच्या कात्रीत डेव्ही सापडला होता, त्यांची अशी फारकत झाली. जमिनीत पुरलेले तेलाचे व वायूचे नळ याच तत्त्वाने सुरक्षित राखले जातात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात आपल्या छपरावर असलेल्या जस्ती पत्र्याला ओरखडा पडला, तरी भोवतालचे जस्त आधी झिजून लोखंडाला काही काळ सांभाळते, तेही याच न्यायाने. इतकेच नव्हे, तर घरातील पाणी तापविण्याच्या विजेच्या टाकीत गंज टाळण्यासाठी पुष्कळदा जी कांडी बसवितात, ती मॅग्नेशियमची असते. हा धातू प्रथम वेगळा करणारा पुरुषही डेव्हीच होता.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणात पदार्थांची झीज आणि तिचे निवारण हा आज संशोधनाचा मोठा विषय आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या त्या वाटेने गेला, तर डेव्हीचा दिवा त्याने अवश्य स्मरावा. पण त्याचे बिडाचे ठोकळेही विसरू नयेत. एका हानीचे निवारण करताना दुसरी हानी दाराशी येऊन तर उभी नाही ना, हे पाहण्याची दृष्टी त्या ठोकळ्यांनीच जगाला दिली आहे.