व्यवसाय : प्रोग्रॅमर? असं काही नसतंच!

१९५७ सालचं ॲम्स्टरडॅम. एक तरुण लग्नाची नोंदणी करायला गेला. कागदावर ‘व्यवसाय’ असा रकाना होता. त्याने सांगितलं, प्रोग्रॅमर. महापालिकेच्या लोकांनी ते मान्यच केलं नाही, कारण असा कुठला व्यवसाय असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी त्याच्या लग्नाच्या दाखल्यावर नोंद झाली, सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ!

हा तरुण म्हणजे एड्सगर डाइक्स्ट्रा. हो, तोच! डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात ज्याचा शॉर्टेस्ट पाथ हमखास विचारतात आणि ज्याच्या नावाचा उच्चार आपण व्हायवाला दर वेळी वेगळा करतो, तो.

डाइक्स्ट्राचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडन विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकत होता. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स केला आणि पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागला. शिक्षण एकीकडे, नोकरी दुसरीकडे. असं तीन वर्षं चाललं आणि मग तो अडकला. आयुष्यभर करायचं काय? भौतिकशास्त्राला शेकडो वर्षांची परंपरा. हार्डवेअरवाल्या सहकाऱ्यांकडे निदान इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञान होतं. प्रोग्रॅमरकडे काय होतं? कुणी विचारलं की बाबा, तुझ्या धंद्याचं शास्त्र कोणतं, तर दाखवायला काहीच नाही.

हाच प्रश्न घेऊन तो त्याचे वरिष्ठ आद्रियान व्हॅन वाइनगार्डन यांच्याकडे गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अजून यात फारसं शास्त्र नाही, हेही कबूल केलं. पण कॉम्प्युटर आता कुठे जाणार नाहीत, मग प्रोग्रॅमिंगला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी तूच एक का होऊ नयेस, असं त्यांनी त्याला सुचवलं. डाइक्स्ट्रा खोलीतून बाहेर पडला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आर्मॅक नावाच्या नव्या कॉम्प्युटरचं उद्घाटन होतं. सामान्य माणसाला कळेल असं काहीतरी त्यावर करून दाखवायचं होतं. होणाऱ्या बायकोसोबत खरेदीला गेलेला डाइक्स्ट्रा दमून एका कॅफेत बसला. कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिल न घेता, साधारण वीस मिनिटांत त्याने एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत रचली. पण छापायला तीन वर्षं घेतली. आज मॅप्समध्ये रस्ता शोधणाऱ्या कितीतरी पद्धतींची मुळं त्या कॉफीत आहेत.

त्याचं खरं मोठेपण मात्र अल्गोरिदमपेक्षा त्याच्या शिस्तीत होतं. एक्स-१ या मशीनमध्ये इंटरप्टची सोय करायचं ठरलं, म्हणजे चालू काम मधेच थांबवून मशीन दुसरीकडे लक्ष देणार. डाइक्स्ट्रा चक्क घाबरला. कारण व्यत्यय कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही. आज झालेली चूक उद्या पुन्हा करून बघता येणार नाही. मग ती शोधायची कशी? इथे चालवून बघू, चाललं तर ठीक, हा खाक्या उपयोगाचा नव्हता. आधी नीट विचार करूनच लिहायला हवं होतं. त्याने ते लिहिलं आणि १९५९ मध्ये त्यावर डॉक्टरेटही मिळवली.

मग आला अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर. त्याने आणि त्याचा सहकारी याप झोनेव्हेल्ड याने पैज लावली की काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही. १९६० च्या ऑगस्टमध्ये कंपायलर चालला. झोनेव्हेल्डने दाढी उतरवली, डाइक्स्ट्राने मात्र ठेवली!

१९६८ साली त्याचं एक छोटं पत्र छापून आलं आणि खळबळ उडाली. तेव्हा प्रोग्रॅममध्ये गोटू ही कमांड सर्रास वापरायचे. या ओळीवरून थेट त्या ओळीवर उडी. लिहिणाऱ्याला सोपं, वाचणाऱ्याला भुलभुलैया. डाइक्स्ट्राचं म्हणणं होतं की हे बंद करा, माणसाला ओळीने वाचून समजेल असंच लिहा. त्याच वर्षी जर्मनीतल्या गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेत जगभरचे तज्ज्ञ एकच रडगाणं गात होते : सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, बजेटमध्ये बसत नाही आणि झालं तरी चुकांनी भरलेलं असतं.

१९७२ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तेव्हाच्या भाषणाचं नाव होतं ‘द हम्बल प्रोग्रॅमर’, म्हणजे नम्र प्रोग्रॅमर. आपल्या डोक्याची झेप मर्यादित आहे हे आधी मान्य करा आणि डोक्यात मावेल एवढंच, तसंच लिहा, हा त्याचा मुद्दा. टेस्टिंगने सापडलेल्या चुका कळतात, न सापडलेल्यांचं काय? म्हणून बरोबर असल्याची खात्री लिहितानाच करा, असा त्याचा आग्रह.

गंमत म्हणजे नम्रतेवर बोलणारा हा माणूस स्वतः भलताच फटकळ होता. कोबॉल, बेसिक या भाषांची त्याने जाहीर खिल्ली उडवली. इंडस्ट्रीतले लोक वैतागायचे. लाखो ओळींचा कोड गणितासारखा सिद्ध करत बसलो तर माल कधी द्यायचा, असं ते विचारायचे. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आजही बहुतेक सॉफ्टवेअर तसं सिद्ध केलेलं नसतं. पण डाइक्स्ट्रा हटला नाही. टेक्सास विद्यापीठात शिकवताना तो विद्यार्थ्यांची तासन्‌तास तोंडी परीक्षा घ्यायचा. स्वतःच्या तेराशेहून अधिक टिपणांपैकी बरीचशी त्याने फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि झेरॉक्स काढून वाटली. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूनेनला, घरी, कॅन्सरने तो गेला.

आज आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर’ लिहिलं की स्थळ वजनदार होतं. रकान्याचा प्रश्न सुटला. पण त्याने व्हॅन वाइनगार्डनना विचारलेला प्रश्न? सबमिशनच्या आदल्या रात्री कुठूनतरी उचललेला कोड चालतो, आपण सुटलो म्हणतो आणि व्हायवाला ही ओळ इथे का, असं विचारलं की गप्प बसतो. उद्या तसाच कोड कुणाचा तरी पगार, तिकीट, औषधाचा डोस ठरवणार आहे. डिग्रीने रकाना भरेल. पण तुझ्या धंद्याचं शास्त्र कोणतं, याचं उत्तर ज्याचं त्यालाच द्यावं लागेल, आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीसाठी.