काका बॅप्टिस्टा



रेवसहून किंवा मोऱ्याहून लाँचने मुंबईला जाणारे आपल्यापैकी पुष्कळ जण भाऊच्या धक्क्यावर उतरतात. तेथून डॉकयार्ड रोड स्टेशनकडे गेले की माझगावची टेकडी लागते आणि टेकडीवर एक बाग आहे. त्या बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. हे गृहस्थ कोण, असे आम्ही परवा युवकांच्या सभेत विचारले, तेव्हा कोणीतरी साहेब असतील असे उत्तर मिळाले. म्हणून हा लेख.

ते साहेब नव्हते. ते आपल्यातलेच, ईस्ट इंडियन कॅथलिक होते. घराणे मूळचे उत्तनचे आणि जन्म माझगावच्या माथारपाखाडीत, १७ मार्च १८६४ रोजी. पुण्याला इंजिनिअरिंग शिकले, सिंधमध्ये जंगल खात्यात नोकरी केली. मग ती सोडून केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये बॅरिस्टर झाले. परत आल्यावर लोकमान्य टिळकांशी स्नेह जुळला आणि तो शेवटपर्यंत टिकला. लोक त्यांना काका म्हणत. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष काकाच होते. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे ही टिळकांची घोषणा मुळात काकांनी सुचवली, असेही सांगितले जाते.

पण आम्हाला आज सांगायचे आहे ते १९१० सालच्या खटल्याविषयी.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा डिसेंबर १९०९ मध्ये खून झाला. त्या प्रकरणात विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये पकडून मोरिया नावाच्या बोटीने हिंदुस्थानात आणत होते. ८ जुलै १९१० रोजी बोट फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात असताना सावरकरांनी समुद्रात उडी घेतली व पोहत धक्का गाठला. फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवले की इंग्रजांचा हात तेथे पोहोचू नये. परंतु फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि सरळ बोटीवरील पोलिसांच्या हवाली केले. ना कोर्ट, ना कागद.

मुंबईला खास न्यायालय बसले. ज्युरी नव्हती. अशा वेळी सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले त्यांत काका बॅप्टिस्टा होते. परक्या देशाच्या भूमीवरून असे उचलून आणलेल्या माणसावर खटला चालवण्याचा या कोर्टाला अधिकारच काय, हा प्रश्न बचावाच्या बाजूने मांडण्यात आला. आरोपी कसा आणला गेला याची चौकशी करणे आमचे काम नाही, असा न्यायाधीशांचा निर्णय झाला. डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेप झाली, जानेवारीत दुसरी.

येथे कोणी विचारील की सावरकरांचे विचार आपल्याला कुठे पटतात? पटोत वा न पटोत. निकदेम परुश्यांच्या सभेत उठला तो ख्रिस्ताचा उघड शिष्य म्हणून नव्हे. माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवता येते काय, एवढेच त्याने विचारले. वकिलाचे काम तेवढेच असते आणि सरकार बलाढ्य असले की तेवढेही जड जाते.

इकडे पॅरिसच्या समाजवादी पत्रांनी आवाज उठवल्यामुळे फ्रान्सने सावरकरांना परत मागितले आणि वाद हॉलंडमधील हेग शहरी आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. पाच लवादांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला. सावरकरांना पकडून सोपवण्यात अनियमितता झाली हे त्यांनी मान्य केले, मात्र त्यापायी ब्रिटनने कैदी परत करायला हवा असे नाही, असे ठरवले. आम्हाला हा निवाडा पचत नाही. चूक झाली म्हणायचे आणि ती सुधारायची मात्र नाही! शिवाय त्या वादात पक्षकार दोन सरकारे होती. ज्याची सुटका अडली होती तो माणूस पक्षकार नव्हताच. १९६० मध्ये इस्रायलने आइखमन या नाझी अधिकाऱ्याला अर्जेंटिनातून पळवून आणले तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तो आरोपी मात्र फार वेगळा होता, आणि म्हणूनच प्रश्न अधिक अवघड.

काका पुढे कामगारांकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर परिषद सुरू झाली, पण हिंदी कामगारांचा प्रतिनिधी सरकारच नेमत असे. कामगारांची स्वतःची अखिल भारतीय संघटना हवी म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि काका उपाध्यक्ष. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष काका होते. १९२४ मध्ये ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला गेले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच कामगारांच्या संघटनांना मान्यता दिली होती, तरी आपल्या समाजात युनियनवाल्याकडे तेव्हा संशयाने पाहत, आणि अजूनही पाहतात, हे आम्हाला न्हावाशेवा बंदरात कामाला जाणाऱ्यांच्या घरी ऐकायला मिळते.

१९२५ मध्ये काका मुंबईचे महापौर झाले. १९३० च्या सप्टेंबरमध्ये ते वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. नोव्हेंबरमध्ये मृतांच्या महिन्यात मुंबईला जाणे झाले तर तेथे एक मेणबत्ती लावावी, असा आमचा विचार आहे. कोणाला बरोबर यायचे असल्यास मिस्सानंतर सांगावे.