बडोद्याचे इंग्रजीचे प्राध्यापक

योगी अरविंद म्हटले की पाँडिचेरीचा आश्रम डोळ्यांपुढे येतो. परंतु त्यापूर्वी तेरा वर्षे ते बडोदे संस्थानच्या नोकरीत होते आणि बडोदे कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शाळा मराठी माध्यमाची, घराबाहेर पडताच कानडी. इंग्रजीची धास्ती आहेच. म्हणून त्यांच्या चरित्रातला हाच भाग मला अधिक जवळचा वाटतो.

अरविंद घोष यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्यास झाला. वडील डॉ. कृष्णधन घोष इतके साहेबी वळणाचे, की मुलांच्या कानांवर बंगाली पडू नये याची त्यांनी काळजी घेतली. पाचव्या वर्षी दार्जिलिंगची कॉन्व्हेंट शाळा, सातव्या वर्षी इंग्लंड. मँचेस्टर, लंडन आणि केंब्रिज येथे मिळून चौदा वर्षे गेली. इंग्रजी ही त्यांची बोलीच झाली. मातृभाषा मात्र परकी राहिली. आय. सी. एस.च्या उमेदवारांना केंब्रिजमध्ये बंगाली शिकवणारे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांना एकदा बंकिमचंद्रांचा उतारा दाखवला, तर ही बंगालीच नव्हे असा निर्वाळा त्यांनी दिला! ठरावीक पुस्तकापलीकडे भाषा असते हे त्यांच्या गावीही नव्हते.

घोडेस्वारीच्या परीक्षेला न गेल्यामुळे अरविंदबाबूंची आय. सी. एस. हुकली. सयाजीराव महाराज त्या सुमारास लंडनमध्येच होते. त्यांनी दरमहा २०० रुपयांवर या तरुणाला आपल्याकडे घेतले. फेब्रुवारी १८९३ मध्ये ते बडोद्यास आले. आधी महसूल वगैरे खात्यांत काम, पुढे कॉलेजात फ्रेंच आणि नंतर इंग्रजी.

वर्गात त्यांना काय दिसले? मुले प्राध्यापकांचा शब्द न् शब्द उतरवून घेत व तोच पाठ करीत. कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले. तेव्हा मुंबईच्या प्राध्यापकांच्या नोट्सही मुले मिळवीत, विशेषतः ते परीक्षक असण्याचा संभव असेल तर! सदे यांचे नेल्सन-चरित्र शिकवताना मुलांनी तक्रार केली की आपले विवेचन पुस्तकातील टिपांशी जुळत नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की टिपा आपण वाचलेल्याच नाहीत.

हे ऐकायला छान वाटते. पण मला त्या मुलांची बाजूही दिसते. ज्याला इंग्रजी पाचव्या वर्षापासून लाभली त्याला टिपांची गरज नाही. ज्याला ती केवळ वर्गातच भेटते त्याने परीक्षेत काय लिहावे? आम्हीही तयार उत्तरांवरच इथवर आलो आहोत.

मात्र त्यांचे विद्यार्थी आर. एन. पाटकर यांनी आठवणीत नोंदलेली पद्धत वाचली आणि माझे मत बरेचसे बदलले. पुस्तक उघडण्यापूर्वी ते काही व्याख्यानांतून विषयाची ओळख करून देत. मग मूळ पुस्तक वाचीत, अडलेल्या शब्दावर वा वाक्यावर थांबून अर्थ सांगत. शेवटी त्या पुस्तकाच्या निरनिराळ्या अंगांवर पुन्हा व्याख्याने होत. म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. मेकॉलेसारखी शैली कमवावी म्हणून पाटकरांनी सल्ला विचारला, तेव्हा कोणाची नक्कल न करता वाचावे, स्वतः विचार करावा व स्वतःचे लिहावे, असे त्यांनी सुचवले. आमच्या निबंधांना कोणी असा सल्ला दिलेला मला आठवत नाही.

स्वतःची भाषा शिकतानाही त्यांचा मार्ग हाच होता. मराठी व गुजराती त्यांनी बडोद्यात राहूनच आत्मसात केल्या. खासेराव आणि माधवराव जाधव यांच्याशी त्यांचा घरोबा होता. १८९८ मध्ये बंगाली लेखक दीनेंद्रकुमार राय त्यांच्याकडे राहावयास आले. त्यांनी शिकवणी अशी घेतली नाही. दोघे बंगालीत बोलत, वाचीत. अडेल तेथे राय मदत करीत. पुढे हेच अरविंदबाबू बंगाली साप्ताहिकातून लेख लिहू लागले.

१९०६ मध्ये उपप्राचार्यपद सोडून ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बडोद्याच्या मानाने तेथला पगार किरकोळ होता. ५ डिसेंबर १९५० रोजी पाँडिचेरीस त्यांचे निधन झाले. बडोदे कॉलेजची ती मोठ्या घुमटाची इमारत आज सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेकडे आहे.