बाबूराव पेंटरांची झोपडी

मी विशीत असताना हिंडलग्यातील आमच्या घरी वडिलांची बैठक होती आणि मी पेटीवर साथीला होतो. वडील जेथे थांबत, तेथे मी आपला सूर भरीत गेलो. बैठक संपल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी मला लहानपणी कोल्हापुरात पाहिलेल्या एका चित्रपटातील झोपडी तेवढी सांगितली. कोल्हापूर दरबारच्या या गवयाने मला विरामाचा धडा दिला, तो असा बाबूराव पेंटरांच्या आधाराने.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. 'पेंटर' हे नाव त्यांना धंद्याने दिले. आतेमामेभाऊ म्हणा की सख्खे म्हणा, अशा जिव्हाळ्याचे बंधू आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि दोघांना चित्रपटाचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो घरीच घडवायचे ठरले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर या गायिकेने, हे आम्हा गाणाऱ्यांनी विसरू नये.

१९२० च्या 'सैरंध्री'तील कीचकवध इतका खरा वाटला की सरकारी परिनिरीक्षकांनी त्याला कात्री लावली. लोकमान्यांनी मात्र बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. सपाट पडद्याच्या जागी खोली असलेले देखावे त्यांनी उभे केले, आणि १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला. जन्मभर पडदे रंगविलेला हा माणूस प्रकाश कोठे पाडू नये, हेही शिकला होता.

१९२५ साली ना. ह. आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' निघाला. सावकार खोट्या कागदावर जमीन गिळतो आणि तरुण शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. हा शेतकरी झाले होते शांतारामबापू. पौराणिक चित्रांना सरावलेल्या लोकांनी त्याला फारसा आश्रय दिला नाही. तरी १९३६ साली बाबूरावांनी तोच विषय बोलपटात पुन्हा घेतला.

वडिलांची झोपडी या बोलपटातली. जे. बी. एच. वाडियांनाही ती जन्मभर विसरता आली नाही. दुरून टिपलेली, अंधुक उजेडातील एक उदास झोपडी, आणि ऐकू येते फक्त कुत्र्याचे रडणे. बोलपटांत गाण्यांची रेलचेल होती ते हे दिवस! आपल्या खेड्यांत कुत्रे रडले की घरची म्हातारी माणसे दचकतात. बाबूरावांना पुढचे काही सांगावे लागले नाही. चेहरे दाखविले असते तर प्रेक्षक ते पाहत बसला असता. ते झाकल्यामुळे आत काय चालले असेल, या काळजीने तो स्वतःच झोपडीत शिरला.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कोल्हापुरात निवर्तले. १९२५ च्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. बोलपटातील ती झोपडी मी स्वतः पाहिलेली नाही. बंदिशीसारखी ती मला तोंडी मिळाली. आता माझ्या वर्गात एखादे मूल विरामात सूर भरू लागले, की मी त्याचे बोट पेटीवरून अलगद उचलतो आणि त्याला ती झोपडी सांगतो.